गिअरपेटींतील दुखावलेले गिअर पुन्हां बसवावे काय?

खानदेशांत कपाशीच्या लागवडीआधीं जमीन तयार करण्याचे दिवस मोजके असतात. मृग तोंडाशीं आला असतां ट्रॅक्टरची गिअरपेटी वाजूं लागली, तर शेतकऱ्यापुढें मोठाच पेंच उभा राहतो. पेटी उघडल्यावर मिस्त्री दुखावलेला गिअर हातांत देऊन विचारतो, "भाऊ, हाच चालवूं कीं नवा आणूं?" खिशाकडे पाहून दिलेलें उत्तर पुष्कळदां महाग पडतें, तें गिअरकडे पाहून द्यावें, असें आम्हांस वाटतें.

गिअरचा दाता आंतून चिवट व वरून कठीण असतो. पोलादाच्या पृष्ठभागांत कार्बन मुरवून त्यास पाणी देतात. हें कठीण कवच सुमारें एक मिलिमीटर जाडीचें असतें. तें फुटलें कीं आंतील मऊ पोलाद भराभर खचतें. म्हणून मोडका दाता वेल्डिंगनें भरून कानशीनें घडविणें हा उपाय नव्हे. वेल्डिंगच्या उष्णतेनें शेजारच्या दात्यांचें पाणी उतरतें व तडे पडतात.

आम्हीं महसूल खात्यांत पुष्कळ वर्षें पिकांची आणेवारी लिहिली. तीस दात्यांपैकीं एक मोडला, म्हणजे सोळा आण्यांत अर्धा आणा नुकसान, हा हिशेब येथें लागू नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत त्या एका जागीं धक्का बसतो आणि तो समोरच्या गिअरला सोसावा लागतो. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्यानें कोपरा उडालेला गिअर तसाच बसवून घेतला. रब्बीच्या नांगरटींत उरलेला दाता तुटला, तुकडा दोन गिअरांमध्यें सांपडला. जोडीचा गिअर व शाफ्ट गेला आणि पेटीही फुटली.

तपासणीची रीत अवघड नाहीं. गिअर घासलेटानें धुवून कांहीं वेळ त्यांतच बुडवून ठेवावा. मग कोरड्या फडक्यानें पुसून दात्यांच्या बुडाशीं खडूची भुकटी लावावी. तडा असल्यास आंत मुरलेलें घासलेट बाहेर येऊन भुकटीवर ओलसर रेघ उमटते. फार बारीक तडा यानें दिसत नाहीं. शंका राहिल्यास चुंबकीय तपासणी करून घ्यावी.

पुढील दोष असलेला गिअर बाद करावा : बुडाशीं तडा, तुटलेला दाता, कवचाचे पोपडे उडून पडलेले मोठे खड्डे, तापून निळा पडलेला रंग, आणि गिअर अडकविणाऱ्या दात्यांचीं टोकें झिजून गोल झालेलीं असणें. शेवटच्या दोषानें गिअर चालतां चालतां सुटतो. उलट, दात्याच्या कडेवरील लहानसा खरचटा निसण्यानें गुळगुळीत करून, किंवा अगदीं बारीक, तुरळक टिंबें असतील तर, गिअर पुन्हां बसविण्यास हरकत नाहीं. मात्र तो कोणत्या कामाचा हें पाहावें. क्वचित् लागणाऱ्या मागच्या गिअरला जी सूट देतां येते, ती नांगरटीच्या गिअरला देऊं नये.

गिअर बदलतांना त्याचा जोडीदारही तपासावा. झिजलेल्या गिअरशीं नवा गिअर नीट बसत नाहीं. आवाज येतो व दोन्ही लवकर जातात. क्राऊन व पिनियन तर कारखान्यांत एकमेकांशीं घांसून जुळविलेले असतात. ते जोडीनेंच बदलावे. शिवाय दाता कां मोडला हें शोधल्याखेरीज पेटी बंद करूं नये. ढिलें बेअरिंग, कमी पडलेलें तेल, पूर्ण न सुटणारा क्लच, यांपैकीं कारण तसेंच राहिलें तर नवा गिअरही त्याच वाटेनें जाईल.

जुन्या ट्रॅक्टरांची अडचण निराळी आहे. एच. एम. टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचें केंद्र सरकारनें २०१६ सालीं ठरविलें. अशा बंद पडलेल्या जातींसाठीं जळगांव-धुळ्याच्या बाजारांत जुना गिअर घेण्याची पाळी येते. तो अवश्य घ्यावा. परंतु आपला गिअर सोबत नेऊन दाते मोजावे, रुंदी मापावी, वरील सर्व कसोट्या लावाव्या आणि मगच पैसे मोजावे.

गिअर काढण्यासाठीं ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. ती मजुरी आणि बुडालेले वाफशाचे दिवस दुसऱ्यांदां सोसण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेंच शंकेचा गिअर आंत ठेवावा.