दाब पुन्हा पुन्हा का उतरतो? घरगुती मध्यवर्ती तापन यंत्रणेतील एका बिघाडाचे निदान

आपल्याकडे बहुतेक घरांत थंडीचा बंदोबस्त म्हणजे रजई, शेगडी किंवा फार तर विजेचा हीटर. ब्रिटनमध्ये मात्र अगदी साध्या घरातही स्वयंपाकघराच्या कपाटात गॅसवर चालणारा बॉयलर असतो. त्यातले गरम पाणी पंपाच्या साहाय्याने नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये जाते, उष्णता देते आणि परत येते. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलांची या यंत्रणेशी पहिली ओळख बहुधा ती बंद पडते तेव्हाच होते.

या पाठात आपण तिचा एकच बिघाड घेणार आहोत. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र तुम्ही बारावीपर्यंत शिकलेले आहे: पाण्याचे औष्णिक प्रसरण आणि बॉइलचा नियम. पाठाचा खरा विषय आहे तो निदानाचा, म्हणजे एकाच लक्षणामागे अनेक कारणे असू शकतात तेव्हा त्यांतले नेमके कोणते हे कसे ओळखायचे, याचा.

तक्रार

बॉयलरच्या खाली एक दाबमापक असतो. यंत्रणा थंड असताना त्याचा काटा साधारण १ ते १.५ बारवर असावा. आपल्या उदाहरणात घरमालकाने तो १.२ वर आणून ठेवला. चार दिवसांनी काटा ०.२ वर आला आणि बॉयलरने काम थांबवले. घरमालकाने भरणीचा नळ उघडून दाब पुन्हा १.२ केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तीन महिने असे चालले.

दाब उतरला याचा अर्थ पाणी कमी झाले, एवढे निश्चित. म्हणून पहिला संशय गळतीवर जातो. लोक जमिनीच्या फळ्या उचकटतात, भिंती फोडतात. पण त्याआधी एक साधी गोष्ट करायची राहून जाते: यंत्रणा पूर्ण तापल्यावर काटा कुठे जातो ते पाहायची. थंड असतानाचे आणि तापल्यावरचे, अशी दोन वाचने घेतल्याशिवाय या बिघाडाबद्दल काहीही बोलू नये, असे माझे मत आहे.

तापल्यावर काय व्हायला हवे?

समजा, यंत्रणेत १०० लिटर पाणी आहे. ते १० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे २.९ टक्क्यांनी, म्हणजे २.९ लिटरने वाढते. यंत्रणा सर्व बाजूंनी बंद आहे आणि पाणी जवळजवळ दबत नाही. मग हे जादा पाणी जाणार कुठे?

त्यासाठी प्रसरण पात्र असते. हा पोलादी डबा. त्याच्या मधोमध रबराचा लवचिक पडदा, पडद्याच्या एका बाजूला यंत्रणेचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला पंपाने भरलेली हवा. पाणी दबत नाही, हवा दबते. पाणी फुगले की पडदा हवेच्या बाजूला सरकतो आणि जागा करून देतो.

आता आकडे घालू. पात्र १२ लिटरचे आणि पाणी नसताना त्यात १ बार दाबाने हवा भरलेली. मापकावरचा आकडा वातावरणाच्या दाबापेक्षा किती जास्त एवढेच सांगतो, म्हणून गणितात १ मिळवून निरपेक्ष दाब घ्यायचा. (विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते इथेच.) तापमानाचा हवेवरचा परिणाम तूर्त सोडून देऊ.

दाब × आकारमान = २ × १२ = २४. थंड स्थितीत निरपेक्ष दाब २.२, म्हणून हवेचे आकारमान २४ ÷ २.२ = १०.९ लिटर. तापल्यावर त्यातले २.९ लिटर पाण्याने घेतले, उरले ८ लिटर. नवा दाब २४ ÷ ८ = ३, म्हणजे मापकावर २ बार. काटा १.२ वरून २ वर गेला. ही निरोगी यंत्रणा.

आता समजा, वर्षे लोटली आणि हवा हळूहळू झिरपून मूळच्या पाचव्या भागाएवढीच राहिली. गुणाकार २४ ऐवजी ४.८. थंड स्थितीत काटा १.२ वर आणला तर हवेचे आकारमान फक्त २.२ लिटर. तिच्यात २.९ लिटर पाणी सामावणारच नाही. दाब झपाट्याने चढतो आणि मापकावर ३ बार होताच सुरक्षा झडप उघडते. प्रेशर कुकरची शिटी रोजच्या कामाची असते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह निर्वाणीचा. ही झडप दुसऱ्या जातीची आहे. त्या क्षणी निरपेक्ष दाब ४, हवा ४.८ ÷ ४ = १.२ लिटर. म्हणजे तिने जेमतेम १ लिटर जागा दिली. उरलेले १.९ लिटर पाणी झडपेतून घराबाहेर गेले.

रात्री यंत्रणा थंड होते, पाणी २.९ लिटरने आकसते आणि हवा १.२ + २.९ = ४.१ लिटर होते. दाब ४.८ ÷ ४.१ = १.१७. मापकावर सुमारे ०.२ बार. घरमालकाने पाहिलेला आकडा हाच! उदाहरणात आपण यंत्रणा एकदाच पूर्ण तापवली. सौम्य थंडीत ती अर्धवट तापते, थोडे थोडे पाणी जाते आणि त्याच आकड्यापर्यंत पोहोचायला चार दिवस लागतात. घरात एक थेंबही दिसत नाही, कारण झडपेची नळी बाहेरच्या भिंतीवर उघडते.

कारणे वेगळी करणे

तापल्यावर काटा ३ कडे झेपावत असेल तर प्रसरण पात्र. काटा चढतो तेवढाच चढतो, पण दाब रोज थोडा थोडा उतरतो, तर गळती. ती बॉयलरमध्ये की घरातल्या नळ्यांत, हे ठरवायची युक्ती सोपी आहे: यंत्रणा थंड करा, बॉयलरचा वीजपुरवठा बंद करा आणि त्याच्या खालच्या जाण्या-येण्याच्या दोन्ही झडपा रात्रभर मिटून ठेवा. मापक बॉयलरच्या बाजूला असतो. सकाळी काटा जागेवर असेल तर गळती घरात. उतरला असेल तर बॉयलरमध्ये. कडाक्याच्या थंडीत हा प्रयोग करू नये.

बाहेरच्या नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवणे हा जुन्या तंत्रज्ञांचा उपाय मला फार आवडतो. सकाळी पिशवीत पाणी सापडले की झडप गळते हे सिद्ध.

पण इथे एक चकवा आहे. झडप गळते म्हणून फक्त झडप बदलली तर नवी झडपही लवकरच उघडू लागते, कारण मूळ दोष पात्रात आहे. उलटही घडते: पात्रात हवा भरली तरी नळी ठिबकतच राहते, कारण आधी उघडलेल्या झडपेच्या बैठकीवर कचरा अडकलेला असतो. अशा वेळी दोन्ही दुरुस्त्या कराव्या लागतात.

पात्रावर मोटारीच्या टायरसारखा व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबल्यावर पाणी आले तर पडदा फाटला आहे. पात्र बदलावे लागेल. काहीच आले नाही तर हवा संपली आहे. यंत्रणेतला पाण्याचा दाब आधी शून्यावर आणून मगच हवा भरायची असते. तसे न केल्यास पंपाचा मापक हवेचा नव्हे, पाण्याचाच दाब दाखवतो. आणि हवा नीट असूनही काटा झेपावत असेल तर पात्राकडे जाणारी अरुंद नळी गाळाने तुंबली आहे का, ते पाहावे.

पाणी भरत राहण्याचा तोटा

घरमालकाला वाटत होते की आठवड्यातून एकदा नळ फिरवला की काम भागते. बंद यंत्रणेतल्या पाण्यातला ऑक्सिजन सुरुवातीला लोखंडाशी संयोग पावून संपतो आणि पुढे गंज जवळजवळ थांबतो. प्रत्येक भरणीबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो आणि गंजरोधक द्रव्य पातळ होते. गंजाचा काळा गाळ, मुख्यतः मॅग्नेटाइट, रेडिएटरच्या तळाशी बसतो. म्हणून खालून थंड असलेला रेडिएटर गाळ सुचवतो आणि वरून थंड असलेला अडकलेली हवा.

तुम्ही कुठे थांबावे

मापक वाचणे, पिशवी बांधणे, रेडिएटरमधली हवा सोडणे ही कामे कोणीही करावीत. बॉयलरचे आवरण मात्र उघडू नये; अनेक बॉयलरांत ते ज्वलनकक्षाच्या हवाबंदपणाचाच भाग असते आणि चुकीचे बसले तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊ शकतो. त्याला वास नसतो. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणांवरील काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञानेच करावे असा कायदा आहे, आणि भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणे दरवर्षी तपासून घेणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. तिकडे राहणाऱ्या विद्यार्थ्याने त्या तपासणीची प्रत मागून घ्यावी; मागायला संकोच करू नये.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात हवा मूळच्या निम्मी उरली असेल, तर तापल्यावर सुरक्षा झडप उघडेल का? गणित करून सांगा.

२. एका घरात तापन बंद असूनही काटा रात्री १.२ वर आणि सकाळी १.९ वर दिसतो. इथे पाणी कमी होत नसून वाढते आहे. ते कोठून येत असावे? भरणीचा नळ आणि नळाचे पाणी तापवणारा उष्णता-विनिमयक, या दोहोंपैकी दोष कशात आहे हे ठरवण्यासाठी तुम्ही कोणती तपासणी आधी कराल?