रोममध्ये काराव्हाज्जो पाहायचा असेल तर

रोमच का?

आवडत्या चित्रकारासाठी एखाद्या शहरात जायचं, तर बहुतेक वेळा एका संग्रहालयाचा पत्ता पुरतो. व्हॅन गॉगसाठी ॲम्स्टरडॅममध्ये स्वतंत्र इमारत आहे, वेलाझ्केझसाठी माद्रिदचं प्रादो आहे. काराव्हाज्जोचं तसं नाही. १५७१ साली जन्मलेला हा चित्रकार विशीत मिलानकडून रोमला आला, इथेच त्याचं नाव झालं आणि १६०६ च्या मे महिन्यात एका भांडणात माणूस मारून तो इथूनच पळाला. माफी मिळवून रोमला परतण्याच्या खटपटीत असतानाच १६१० मध्ये पोर्तो एर्कोले इथे तो वारला. खात्रीने त्याची म्हणता येतील अशी चित्रं फार नाहीत, आणि त्यांतली वीसच्या आसपास आजही रोममध्येच आहेत. फक्त ती एका छपराखाली नाहीत. काही चर्चमध्ये आहेत, काही जुन्या घराण्यांच्या वाड्यांत, काही सरकारी संग्रहालयांत, एक व्हॅटिकनमध्ये.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोपच्या सहलींत रोमच्या वाट्याला एक-दोन दिवस येतात, आणि ते कोलोसियम, त्रेवीचं कारंजं आणि सिस्टीन चॅपेल यांतच संपतात. तरीही एक सकाळ मोकळी काढता आली, तर काराव्हाज्जोची सहा महत्त्वाची चित्रं पायी फिरून, तिकीट न काढता पाहता येतात.

आधी चर्च, मग संग्रहालयं

माझा आग्रह या क्रमाचा आहे. संग्रहालयातलं चित्र सोयीने लावलेलं असतं. समोर मोकळी जागा, डोळ्यांच्या उंचीवर चौकट, सगळीकडे सारखा उजेड. काराव्हाज्जोने मात्र आपली मोठी चित्रं ठरावीक भिंतींसाठी काढली. खिडकी कुठे आहे, माणूस कुठे उभा राहणार, समोरून पाहणार की तिरकं, हे सगळं त्याने हिशेबात धरलं होतं. हा हिशेब जागेवर उभं राहिल्यावरच कळतो. एकदा तो डोळ्यांत बसला, की नंतर संग्रहालयातल्या चित्रांचीही हरवलेली जागा मनाने भरून काढता येते.

सान लुईजी: मत्तयाची तीन चित्रं

पियात्झा नावोनापासून चार पावलांवर रोममधल्या फ्रेंचांचं चर्च आहे, सान लुईजी देई फ्रान्चेझी. आत शिरल्यावर डावीकडे शेवटचं चॅपेल गाठायचं. मात्तेओ कोन्तारेल्ली या फ्रेंच कार्डिनलने आपल्या नावाच्या संताच्या, म्हणजे मत्तयाच्या, चित्रांसाठी पैसे ठेवले होते. तो १५८५ मध्ये वारला आणि काम रखडत रखडत १५९९ मध्ये काराव्हाज्जोकडे आलं. लोकांसमोर कायमचं राहील असं हे त्याचं पहिलं मोठं काम.

डाव्या भिंतीवर मत्तयाला आलेलं बोलावणं आहे. मत्तय जकातदार होता. मेजाभोवती चार-पाच माणसं पैसे मोजत बसली आहेत, त्यांचे कपडे काराव्हाज्जोच्या काळातले, पिसं खोवलेल्या टोप्यांचे. उजवीकडून येशू आणि पेत्र आत आले आहेत. येशू हात पुढे करतो, आणि त्याच्या डोक्यावरून उजेडाचा एक पट्टा तिरका भिंतीवर पडतो. तो पट्टा चित्रात वेदीच्या बाजूने येतो, आणि चॅपेलची खरी खिडकीही वेदीच्या वरच आहे. समोरच्या भिंतीवर मत्तयाची हत्या आहे. त्या चित्रातला उजेड डावीकडून येतो, म्हणजे पुन्हा वेदीकडूनच. दोन्ही चित्रं एकाच खिडकीने उजळल्यासारखी दिसतात. छापील पुस्तकात ही दोन चित्रं वेगवेगळ्या पानांवर येतात आणि हे नातं तुटतं.

येशूचा तो सैल हात नीट पाहून ठेवा. सिस्टीन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने काढलेल्या आदामाच्या हातावरून तो घेतलेला आहे. मत्तय नेमका कोण, हा वादही जुना आहे. दाढीवाला माणूस बोट दाखवतो ते स्वतःकडे, की मेजाच्या टोकाला मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या पोराकडे? मला दाढीवालाच मत्तय वाटतो, कारण उजेड त्याच्या चेहऱ्यावर भरभरून पडला आहे. पण त्या पोराकडे बघत राहिलं की मत डळमळतं, हेही खरं. हत्येच्या चित्रात मागे, अंधारातून वळून पाहणारा एक दाढीवाला चेहरा आहे. तो खुद्द चित्रकाराचा मानला जातो.

मधलं, वेदीवरचं चित्र १६०२ चं. मत्तय शुभवर्तमान लिहितो आहे आणि देवदूत वरून त्याला सांगतो आहे. त्याआधीचं चित्र नाकारलं गेलं होतं. त्यात मत्तय अडाणी शेतकऱ्यासारखा दिसत होता आणि देवदूत त्याचा हात धरून लिहवून घेत होता. ते चित्र पुढे बर्लिनला गेलं आणि १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरीस नष्ट झालं. आता त्याची केवळ छायाचित्रं उरली आहेत.

सांत आगोस्तिनो: मळलेले पाय

तिथून पाच मिनिटांवर सांत आगोस्तिनो. डावीकडच्या पहिल्याच चॅपेलमध्ये मरिया दाराच्या चौकटीत बाळाला घेऊन उभी आहे. रंग उडालेली भिंत, अनवाणी पाय. समोर दोन म्हातारे यात्रेकरू गुडघ्यांवर बसले आहेत, आणि त्यांतल्या पुरुषाचे मळलेले तळवे नेमके आपल्याकडे आहेत. चॅपेलसमोर तुम्ही उभे राहता तिथून ते तळवे सर्वांत जवळ येतात. चित्र लागलं तेव्हा लोकांनी त्यावरून गलका केला, असं त्याचा समकालीन आणि वैरी चित्रकार बाल्योने याने लिहून ठेवलं आहे. ज्यांनी आषाढीला चालून आलेल्या वारकऱ्यांचे पाय पाहिले आहेत, त्यांना या चित्रात खटकण्यासारखं काय होतं असा प्रश्न पडेल.

पोपोलो: तिरकं पाहायची चित्रं

शहराच्या उत्तर वेशीपाशी सांता मारिया देल पोपोलो आहे. मुख्य वेदीच्या डाव्या हाताचं चेराझी चॅपेल अरुंद आहे. समोर आनिबाले कार्राचीचं उजळ, रंगीत चित्र. बाजूच्या भिंतींवर काराव्हाज्जोची दोन, १६००-०१ मधली. आपण आत जाऊन त्यांच्यासमोर उभे राहू शकत नाही, बाहेरूनच तिरकं पाहतो. तिरकं पाहिलं की डावीकडे उलटा क्रूस उचलणारे मजूर अंगावर येतात. त्यांतल्या एकाची पाठ आणि पार्श्वभागच आपल्या वाट्याला येतो, चेहरा दिसतच नाही. उजवीकडे घोड्यावरून पडलेला शौल, पुढचा पौल, डोकं आपल्या बाजूला करून हात पसरून पडला आहे. चित्राचा बराचसा भाग घोड्यानेच व्यापलेला. आकाश नाही, देवदूत नाहीत, नुसता वरून पडणारा उजेड.

बोर्गेझे: दोन तास

संग्रहालयांपैकी एकच करता येणार असेल तर बोर्गेझे गॅलरी करा. इथे काराव्हाज्जोची सहा चित्रं आहेत. पोप पाचवा पॉल याचा भाचा कार्डिनल शिपिओने बोर्गेझे हा चित्रांसाठी हवं ते करणारा संग्राहक होता. १६०७ मध्ये काव्हालिएर द’आर्पिनो या चित्रकाराची मालमत्ता जप्त झाली. त्याच्याकडे काराव्हाज्जोने उमेदवारी केली होती, त्यामुळे त्याची तरुणपणची चित्रं तिथे होती. फळांची टोपली घेतलेला मुलगा आणि आजारी बाखुस ही त्यांतलीच, आणि ती थेट भाच्याच्या घरी आली.

सर्वांत जास्त वेळ मात्र ‘दावीद आणि गल्याथ’ला द्या. दावीदच्या हातात लोंबणारं कापलेलं डोकं काराव्हाज्जोचं स्वतःचं आहे. हे चित्र त्याने माफीच्या आशेने शिपिओनेकडे पाठवलं, असं अनेक अभ्यासक मानतात. दावीदच्या चेहऱ्यावर विजय नाही, कीव आहे.

प्रवेश ठरावीक वेळेचा आणि दोन तासांचा असतो. तिकीट आधीच काढावं लागतं, ऐन वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. बेर्निनीची शिल्पंही याच दोन तासांत पाहायची असतात, म्हणून काराव्हाज्जो आधी उरकायचा की शेवटी, हे दाराशीच ठरवा.

व्हॅटिकन आणि एक रिकामी जागा

व्हॅटिकनची चित्रगॅलरी प्रवेशद्वाराजवळ आहे, आणि सगळी गर्दी सिस्टीनकडे धावते म्हणून तिथे बरीच शांतता असते. येशूचा देह कबरीत ठेवतानाचं काराव्हाज्जोचं चित्र इथे आहे. त्यातल्या दगडी फरशीचा कोपरा चौकटीबाहेर आल्यासारखा वाटतो. मूळ जागा पाहिली की त्याचं कारण कळतं. हे चित्र किएझा नुओव्हा या चर्चमधल्या वेदीसाठी होतं. फ्रेंच सैन्याने ते पॅरिसला नेलं, आणि परत आल्यावर ते व्हॅटिकनमध्ये राहिलं. चर्चमध्ये आता नक्कल आहे, पण ती जरूर पाहा. खाली धर्मगुरू प्रसादाची भाकर उंच धरतो तिथेच वरून तो देह उतरतो आहे.

आणखी वेळ असेल तर

पलाझ्झो बार्बेरिनीत ‘ज्युडिथ’ आहे, तलवार मानेत अर्धी उतरलेली. तिथलाच ‘नार्सिसस’ त्याचा आहे की नाही यावर एकमत नाही. दोरिया पाम्फिलीच्या वाड्यात ‘इजिप्तच्या वाटेवरची विश्रांती’ आहे. त्यात योसेफने धरलेली स्वरलिपी खरीखुरी वाचता येते. कापितोलिनी संग्रहालयातली दोन चित्रं मी शेवटी ठेवेन.

वेळ, सुट्ट्या, नाणी

चर्च दुपारी काही तास बंद असतात आणि मिस्सा चालू असताना चॅपेलकडे जाऊ नये. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. अनेक चॅपेलमध्ये नाणं टाकल्यावर काही मिनिटंच दिवा लागतो, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. पण आधी दिवा लागण्यापूर्वीचं चित्र बघा. बोर्गेझे आणि बार्बेरिनी सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद. निघण्यापूर्वी चित्रं जागेवर आहेत ना, हेही तपासा. २०२५ मध्ये बार्बेरिनीत मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा बोर्गेझेतली काही चित्रं तिकडे गेली होती.

एक दिवस हाताशी उरला, तर वेगवान गाडीने नेपल्सला जा. तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. पळून गेल्यावर त्याने तिथे काढलेलं ‘दयेची सात कृत्यं’ पिओ मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया या चर्चमध्ये आहे. १६०७ पासून ते त्याच वेदीवर लागलेलं आहे.