‘मॅडम’चं माहेर

शाळेतल्या मॅडम, बँकेतल्या मॅडम, पंचायत समितीतल्या मॅडम... दिवसातून दहादा आपण हा शब्द उच्चारतो. पण मैत्रिणींनो, या ‘मॅडम’चं माहेर कुठलं, ठाऊक आहे?

ते आहे थेट रोममध्ये! तिथल्या जुन्या लॅटिन भाषेत घराला ‘दोमुस’ म्हणत आणि घरच्या धनिणीला ‘दोमिना’. आपल्या ‘दंपती’ शब्दातला ‘दम्’ म्हणजेही घरच बरं का! वेदात दंपती म्हणजे घराचा धनी. लॅटिन आणि संस्कृत या एकाच जुन्या कुळातल्या भाषा, म्हणून हे नातं.

संस्कृत-प्राकृतातून जशा मराठी, गुजराती आल्या, तशा लॅटिनमधून इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन आल्या. पाची लेकींनी आईकडून ही ‘दोमिना’ नेली, पण प्रत्येकीच्या घरी ती वेगळी झाली.

इटलीत ती ‘दोन्ना’ झाली. अर्थ उरला नुसता ‘बाई’. होमिओपॅथीतलं बेलाडोना म्हणजे ‘सुंदर बाई’! स्पेनमध्ये तिचे दोन शब्द झाले. नावाआधी मानाने लावतात ते ‘दोन्या’ आणि मालकीण ती ‘दुएन्या’. रुमानियात ‘दोआम्ना’ म्हणजे बाईसाहेब. फ्रेंचांनी ‘दाम’ केलं, त्याला ‘मा’ म्हणजे ‘माझी’ जोडलं आणि झालं ‘मादाम’. तेच इंग्रजीतून आपल्याकडे ‘मॅडम’ होऊन आलं.

फ्रेंचांनी आणखी एक केलं. लग्न झालेली ‘मादाम’ आणि न झालेली ‘मादम्वाझेल’, म्हणजे छोटी धनीण. पुरुष मात्र लग्नाआधीही ‘मस्य’ आणि नंतरही ‘मस्य’! तिथल्या बायकांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१२ साली सरकारने ‘मादम्वाझेल’ हा शब्द सरकारी अर्जांतून काढायला लावला. आपल्याकडे तरी काय वेगळं? पुरुषाला जन्मभर एकच ‘श्री.’, आपल्याला मात्र कुमारी, सौभाग्यवती, श्रीमती. बचत गटाचे अर्ज भरताना नवरा गेलेली एखादी ताई ‘सौ.’पाशी येऊन थबकते, तेव्हा पोटात कालवतं हो.

पोर्तुगीजांची गंमत तर अगदी आपल्या शेजारची. पणजीजवळच्या ‘दोना पावला’तलं ‘दोना’ म्हणजे हीच दोमिना. पोर्तुगीजमध्ये ‘दोना’ म्हणजे मालकीण. गृहिणीला ते ‘दोना दे काझा’ म्हणतात. यातल्या ‘दे’चा ‘दा’ केला, की अर्थ होतो ‘या घराची मालकीण’. लिहिताना फरक एका अक्षराचा, पण त्या एका अक्षरात केवढं अंतर!

हे अंतर मला आपल्याकडे रोज दिसतं. “ताई, तुम्ही काय करता?” विचारलं, की उत्तर येतं, “काही नाही, घरीच असते.” पहाटे पाण्यापासून रात्रीच्या विरजणापर्यंत सगळं घर जिच्या हातात, ती म्हणते ‘काही नाही’! आणि “घर कुणाच्या नावावर?” विचारलं, की “यांच्या.” धनीण आपण फक्त म्हणण्यापुरत्या.

शब्दांचे अर्थ आपोआप बदलत नाहीत, माणसं वागतात तसे ते बदलतात. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘काय करता’ विचारलं तर ‘घर चालवते’ असं ठणकावून सांगा. आणि घराच्या उताऱ्यावर आपलंही नाव आहे का, हे या आठवड्यात एकदा बघाच. नसेल, तर घरात तो विषय काढायला काय हरकत आहे?