भिडेवाड्यांतील शाळा



शाळा म्हटली कीं लांबट इमारत, ओळीनें वर्ग, पुढें पडवी आणि घंटेसाठीं टांगलेला रुळाचा तुकडा आपल्या डोळ्यांपुढें येतो. पुण्याच्या बुधवार पेठेंतील ज्या शाळेविषयीं मी आज बोलणार आहें, ती शाळेसाठीं बांधलेल्या इमारतींत भरतच नव्हती. तात्यासाहेब भिडे यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली, आणि १८४८ सालीं तेथें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा मांडली. सावित्रीबाई तेव्हां सतरा वर्षांच्या होत्या.

आमच्या करकंबाकडे जुन्या घरांना मातीचें माळवद असतें आणि त्याचा भार जाड भिंती वाहतात. पुण्याचा वाडा निराळा. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया. भिंत केवळ मधली जागा भरून काढते. दोन खांबांमधील जागेस खण म्हणतात, आणि घर किती मोठें हें खणांवरूनच सांगतात. मध्यें उघडा चौक, त्याच्या भोंवतीं ओसऱ्या. उजेड आणि वारा रस्त्यावरून येत नाहीं, चौकांतून येतो.

मी सारा जन्म मास्तरकी केली, म्हणून मला ही मांडणी विशेष वाटते. लिहितांना उजेड डावीकडून यावा, म्हणजे पाटीवर हाताची सावली पडत नाहीं, असें आम्हांस शिकविलेलें असे. ओसरीवर उजेड एकाच बाजूनें येतो. चौकाकडे डावा खांदा करून मुलें बसविलीं कीं वर्ग सिद्ध! दुसरा गुण याहून मोठा. शाळेंत जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोक शेण आणि चिखल फेकीत, त्या काळीं अशा घरांत बसलेली मुलगी रस्त्यावरून दिसत नसे. ३ जुलै १८५१ रोजीं फुल्यांनीं याच पेठेंत मुलींची आणखी एक शाळा उघडली, तीही अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यांतच.

लाकडी वाड्याचा दोष मात्र असा कीं त्याला रोजची निगा लागते. खांबाचें बूड कुजलें कीं तुळई खचते, आणि तुळईबरोबर माडी. आगीचें भय तर सदाचेंच. १८७९ सालीं बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्यासही आगीनें ग्रासलें.

भिडेवाडा जळाला नाहीं, तो झिजला. मीं पाहिला तेव्हां रस्त्याच्या अंगास दुकानें होतीं, वरची बाजू मोडकळीस आलेली. समोर दगडूशेठ गणपतीच्या दर्शनास माणसांची रीघ. त्यांतील फार थोडे मागें वळून पाहत. जागा ताब्यांत घेण्याचा वाद न्यायालयांत दहा वर्षांहून अधिक काळ चालला. नोव्हेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें महापालिकेच्या बाजूनें निर्णय दिला, आणि डिसेंबरच्या आरंभीं एका रात्रींत वाडा उतरविण्यांत आला. तेथें राष्ट्रीय स्मारक व्हावयाचें आहे.

इतक्या जर्जर घराला तसेंच उभें ठेवा म्हणणें सोपें नव्हतें, हें मी जाणतों. पण पुतळा आणि संगमरवरी पाटी यांवर भागवूं नये. स्मारकाच्या नकाशांत सागवानी खांबांची एक तरी ओसरी असावी, उघड्या चौकाकडे तोंड असलेली. आणि तेथें रोज सकाळीं पेठेंतल्या मुलींचा एक वर्ग भरावा, चौकाकडे डावा खांदा करून.