उजेडाच्या पलीकडची पारख

जुन्या कापडपेढीवर ठाण उलगडले की जाणता माणूस त्याचा पदर उजेडासमोर धरी. कापडातून गाळून आलेला उजेड विणीचा घट्टपणा आणि विरळपणा न बोलता सांगे. विज्ञानाने हीच पारख अतिसूक्ष्म जगात नेली. तिथे उजेडाचे काम इलेक्ट्रॉनचा झोत करतो.

जिंतूर-मंठा रस्त्यावरून सेलूकडे वळताना देवगाव फाटा लागतो. या परिसरातील शेतकऱ्याला ठिबकच्या काळ्या नळीचे मोल सांगावे लागत नाही. तिचा काळा रंग मात्र शोभेचा नव्हे. पॉलिथिलिनमध्ये दोन-तीन टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिसूक्ष्म काजळी, मिसळलेली असते. ती सूर्याची अतिनील किरणे अडवते. चांगल्या काजळीचा कण सुमारे २० ते २५ नॅनोमीटरचा असतो, आणि एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात. कण एकसारखे पसरले तर नळी अनेक उन्हाळे सोसते. त्यांच्या गुठळ्या झाल्या तर संरक्षण अपुरे पडते आणि गुठळीपाशीच नळी चिरू शकते. वजन तेच, रंगही तोच, तरी माल वेगळा!

मोठी गुठळी साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसते. मात्र सुमारे २०० नॅनोमीटरच्या खाली प्रकाशाची मर्यादा येते. जर्मनीत १९३१ साली अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला. रुस्का यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात नळीतून वेगवान इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात. दाट भाग गडद उमटतो, विरळ भाग उजळ.

त्यासाठी नमुना अत्यंत पातळ हवा. प्लास्टिक गोठवून त्याचे १०० नॅनोमीटरहूनही पातळ काप काढतात. हे काप काढणाऱ्या सुरीचे पाते हिऱ्याचे असते. रत्नपारख्यांच्या घरांना हिऱ्याचे हे रूप नवलाचे वाटेल.

सोन्याचीही अशीच कथा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडवले. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कसोटीचा दगड सोन्याचा कस सांगतो, कणाचा आकार नाही. तो त्रिकोण याच यंत्राने दाखवला.

तरीही या यंत्राच्या एका चित्रावर निकाल देता येत नाही. दिसतो तो नळीच्या एका कापाचा कणभर तुकडा, आणि तोही सपाट छायेच्या रूपात. त्या ठिकाणी कण सुटे दिसले, तरी शेजारी गुठळी असू शकते. म्हणून जाणकार अनेक ठिकाणचे काप पाहतो, शेकडो कण मोजतो, इतर चाचण्यांशी ताडतो आणि मगच बोलतो. एका नयातून दिसलेले खोटे नसते, पण ते पूर्णही नसते, ही अनेकांताची शिकवण प्रयोगशाळेतही उपयोगी पडते.

बाजारात आज ‘नॅनो’ हा शब्द अनेक वेष्टनांवर झळकतो. तो खरा की केवळ छापील, हे ग्राहकाला डोळ्यांनी कळत नाही. तो दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. अशा वेळी कारखानदाराकडे चाचणीचा अहवाल मागणे आणि त्यात कणांचा आकार व पसरण किती नमुन्यांवरून ठरवली ते विचारणे, हा अचौर्यव्रताचाच भाग ठरतो. पूर्वजांनी तराजूची दांडी सरळ ठेवून पेढीची पत कमावली. ज्या मालाचे गुण तराजूत उतरत नाहीत, त्याच्या बाबतीतही ती दांडी सरळच राहायला हवी.