लिहा एकदा, चालवा सगळीकडे!

जावाची कुठलीही क्लास फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा. पहिल्याच चार बाइट्समध्ये वाचता येतं: कॅफेबेब! विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, खूण तीच. जावाचे जनक जेम्स गॉस्लिंग यांनी ती ठेवली. १९९१ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये या भाषेवर काम सुरू झालं ते टीव्हीसारख्या घरगुती उपकरणांसाठी. उपकरणागणिक चिप वेगळी, म्हणून कोड आणि चिप यांच्या मधे एक काल्पनिक मशीन उभं करायचं, ही त्यातली अफलातून युक्ती. तेव्हा भाषेचं नाव होतं ओक, गॉस्लिंग यांच्या ऑफिसबाहेरच्या झाडावरून. टीव्हीच्या धंद्यात तिचं बस्तान बसलं नाही, पण १९९५ मध्ये इंटरनेटवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

त्याच १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. आज व्हीएस कोड आणि डिस्कॉर्डसारखी डेस्कटॉप अ‍ॅप्स तिच्यावर चालतात, कारण इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीमुळे प्रत्येक अ‍ॅप स्वतःचा क्रोमियम ब्राउझर सोबत घेऊन फिरतं. साध्या नोंदवहीचं अ‍ॅपही त्यामुळे भलतंच जाडजूड होतं!

लुआ ब्राझीलची. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली. परदेशी सॉफ्टवेअर घेणं तेव्हा तिथे महाकठीण, म्हणून तिथल्या लोकांनी घरचीच भाषा घडवली, तीही शुद्ध सी मध्ये. सी चा कंपायलर जिथे आहे तिथे लुआ पोचते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे अ‍ॅड-ऑन तिच्यातच लिहितात.

सी म्हणजे या सगळ्यांची आजी. १९७३ मध्ये युनिक्स सी मध्ये नव्याने लिहिली गेली आणि ऑपरेटिंग सिस्टिम एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणं आवाक्यात आलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असलेला एसक्यूलाइट डेटाबेसही सी मधलाच.

म्हणजे भाषा ‘सगळीकडे चालते’ असं आपण म्हणतो, तेव्हा खरं काम करतं ते तिच्या खालचं इंजिन. निवड करताना तेच तपासावं. मोबाइल अ‍ॅप बनवण्याच्या साधनांपैकी रिअ‍ॅक्ट नेटिव्ह फोनची मूळची बटणं वापरतं, फ्लटर मात्र स्क्रीनवरचं बटण स्वतःच रंगवतं. गो मध्ये दोन सेटिंगं बदलली की लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी फाइल तयार!

आता खाचखळगे. विंडोजवर ‘कॉन’ नावाचं फोल्डर इंग्रजी अक्षरांत करून पाहा. होणारच नाही, कारण डॉसच्या काळापासून ते नाव कन्सोलसाठी राखीव आहे. लिनक्सवर बिनदिक्कत होतं. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल, याने विंडोजला फरक पडत नाही. लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. म्हणूनच नावात अशी गफलत असेल, तर विंडोजच्या लॅपटॉपवर झकास दिसणारा फोटो लिनक्सच्या सर्व्हरवर गेला की गायब होतो.

आणि माझा सगळ्यात लाडका प्रयोग. ‘मराठी’ या शब्दाची लांबी किती? स्विफ्ट सांगते ३. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट सांगतात ५, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. गो आणि रस्टला नेहमीच्या पद्धतीने विचारलं तर उत्तर १५, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तिन्ही उत्तरं बरोबर! पण फॉर्ममध्ये ‘नाव जास्तीत जास्त वीस अक्षरी’ अशी अट असेल आणि सर्व्हर गो मध्ये बाइट मोजत बसला, तर सहा चिन्हांचं ‘ज्योती’ हे नावच वीसपैकी अठरा बाइट खाऊन टाकतं. तिचं नाव तर पुरतं दोन अक्षरी!

माझं मत स्पष्ट आहे. टीमला येणारी भाषा घ्या, पण पहिल्याच आठवड्यात अ‍ॅप विंडोजवर, लिनक्सवर आणि एखाद्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर चालवा, आणि चाचणीच्या डेटात जोडाक्षरांची मराठी नावं भरा.