१० मे १९८२, दुपारी बारा

जुन्या रेडिओची आवड असणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी केंद्राची गोष्ट. ७७० किलोहर्ट्झ एएम, ताकद ५० हजार वॅट. रात्री मध्यम लहरी लांबवर जात, त्यामुळे हे ‘लोकल’ केंद्र अनेक राज्यांत ऐकू यायचं. १९६० पासून इथे हिट गाणी वाजत. कार्यक्रमप्रमुख रिक स्क्लार यांनी यादी मुद्दाम छोटी ठेवली होती. पहिल्या क्रमांकाचं गाणं साधारण तासा-सव्वातासाने पुन्हा लागायचंच! निवेदकांच्या आवाजाला किंचित घुमारा दिलेला असे, त्यामुळे सुई फिरवताना केंद्र लगेच ओळखू येई.

मग एफएमचा स्वच्छ स्टिरिओ आवाज आला. जुलै १९७८ मध्ये ९२.३ एफएमवरच्या डब्ल्यूकेटीयूने संथ, मऊ रॉक बंद करून डिस्को सुरू केलं आणि काही महिन्यांतच डब्ल्यूएबीसीला मागे टाकलं. फॉरमॅट बदलून इतकी मोठी उडी मारल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

अखेर १० मे १९८२ रोजी दुपारी बारा वाजता डब्ल्यूएबीसीने संगीत सोडून गप्पा-चर्चांचा मार्ग धरला. संगीताच्या त्या शेवटच्या सकाळी निवेदक डॅन इन्ग्रॅम आणि रॉन लंडी एकत्र माइकवर होते. त्याचं ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे, जरूर ऐका. जॉन लेननचं ‘इमॅजिन’ संपतं, केंद्राची ओळखधून वाजते आणि मग काही क्षण नुसती शांतता. मी हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा तिथे अंगावर काटा आला.